उन्हाची पंगत

दिवाळी अंकात तरी पक्कड-पाना बाजूला ठेवा आणि सणाला शोभेल असे काहीतरी लिहा, असे मला घरातून दरवर्षी बजावले जाते. "वर्षभर तुमच्या पानावर एक तर गळका नळ असतो, नाही तर कुरकुरणारं दार. दिवाळीत तरी आम्ही वाचावं असं लिहा की!" हे सौ.चे म्हणणे. म्हणून या खेपेस फुलांवर लिहायला घेतले आहे. आता त्या फुलांच्या मागून पुन्हा पक्कड आणि पाना निघालेच, त्याला माझा नाइलाज आहे.

फुले शेवंतीची. पिवळी, बारीक गोंड्याची. आमच्या घरातली ही शेवंती माझ्यापेक्षा वयाने मोठी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या पेठांतून पाणी शिरले, तेव्हा आईच्या लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. पूर ओसरल्यावर आमच्या वाड्याच्या अंगणात गुडघाभर गाळ उरला, आणि तिने हौसेने लावलेले सगळे त्याखाली गेले. पुढे ती माहेरी वाईला गेली, तेव्हा परसातल्या शेवंतीचे चार फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून एस. टी.तून घेऊन आली. शेवंतीचे एक बरे असते. बहर संपला की मुळाशी नवे फुटवे येतात, ते वेगळे करून लावायचे. झाड म्हातारे होत नाही आणि वंशही तुटत नाही. १९९८ मध्ये वाडा पडला, त्या जागी फ्लॅट झाले, अंगण गेले. पण शेवंती दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कुंड्यांतून, पूर्वीसारखीच नांदू लागली. दिवाळीत लक्ष्मीपुढे घरचीच शेवंती वाहायची, हा आईचा नेम कधी चुकला नाही.

आमची गॅलरी पूर्वेकडे तोंड करून. सकाळचे ऊन आत यायचे ते थेट देव्हाऱ्यापर्यंत. सूर्य जसजसा वर चढे तसतसे ऊन मागे सरकत जाई. देव्हाऱ्यापाशी ऊन म्हणजे सात, उंबऱ्यावर आले म्हणजे नऊ, आणि गॅलरीच्या कठड्यावर चढले की साडेदहा. भिंतीवर घड्याळ असूनही आईचा सगळा कारभार या उन्हावर चालायचा. दिवस लहान-मोठा होईल त्याप्रमाणे त्यात थोडे इकडेतिकडे होई, तेही तिला पाठ होते.

२०२३ साली समोरच्या जागेवर अकरा मजली इमारत उभी राहिली. कोणाला दोष देण्याचे कारण नाही. लोकांना घरे हवीतच, आणि आमचीही इमारत कोणाचे तरी ऊन अडवूनच उभी असणार. पण परिणाम व्हायचा तो झाला. साडेदहापर्यंत सूर्य त्या इमारतीमागे. आणि तो तिच्या डोक्यावर येतो तोपर्यंत आमच्याच वरच्या मजल्याची गॅलरी त्याला आड येते. शेवंतीच्या दांड्या लांबल्या, पाने फिकी पडली, आणि त्या वर्षी दिवाळीला मोजून दोन फुले आली. तीही चिंचोक्याएवढी.

आणखी एक गोष्ट झाली. आई दिवसातून चार-पाच वेळा विचारू लागली, "किती वाजले रे?" आजपर्यंत तिने हे कधी विचारले नव्हते.

झाडांसाठी विजेचे दिवे मिळतात हे वाचून ठाऊक होते. २०२४ च्या जानेवारीत असा एक दिवा आणला. तो जांभळा निघाला. पानातले हरितद्रव्य मुख्यतः तांबडा आणि निळा प्रकाश शोषते, म्हणून तेवढेच दोन रंग दिव्यात घालायचे, हा त्यामागचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. पण तो माणसांच्या घरातला नव्हे. त्या उजेडात पोहे राखाडी दिसू लागले, आईचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसू लागला, आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोन वेळा "सगळं ठीक आहे ना?" म्हणून चौकशी करून गेले. आठ दिवसांत तो दिवा परत गेला आणि पांढरा आला. पांढऱ्या प्रकाशातही तांबडा आणि निळा असतोच. झाडाला तो चालतो आणि माणसालाही.

हा दिवा एल.ई.डी.चा, १०० वॉटचा. असा थंड आणि काटकसरी पांढरा दिवा करता आला, तो निळी एल.ई.डी. साधल्यामुळे, त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वीच्या दिव्यांची निम्म्याहून अधिक वीज नुसती उष्णतेत जायची. मधल्या खोलीत गॅलरीच्या काटकोनात सहा फूट लांब नि दीड फूट रुंद असे बाक ठेवले. त्यावर ओळीने सहा कुंड्या: पाच शेवंतीच्या आणि गॅलरीकडच्या टोकाला तुळस. बरोबर मध्यावर, झाडांच्या वर फूटभर, दिवा टांगला. वाटले, काम झाले.

महिनाभरात ध्यानात आले की झाले नाही. मधल्या दोन कुंड्यांची वरची पाने पांढरट पडून आत वळली, आणि टोकाच्या कुंड्या मध्याकडे अशा वाकल्या की जणू मधल्या कुंडीच्या कानात काहीतरी सांगताहेत. मोबाइलमध्ये प्रकाश मोजायची सोय असते, ती लावून पाहिली. मध्यावर ३८,००० लक्स आणि टोकाला दीड हजार! पंचवीस पटींचा फरक. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, झाडाचे नव्हे. तरी एकाच दिव्याखाली इथे किती आणि तिथे किती, एवढे ताडून पाहायला ते पुरते.

झाड उजेडाकडे का वाकते, या प्रश्नाने चार्ल्स डार्विनलाही म्हातारपणी झपाटले होते. मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने त्याने गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले आणि १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. कोंबाच्या शेंड्यावर टोपी घातली की तो वाकत नाही. शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला, तरी वाकतो. म्हणजे उजेड पाहतो शेंडा आणि वाकते खालचे अंग. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यातला निरोप्या शोधून काढला. ऑक्सिन नावाचे एक द्रव्य शेंड्यात तयार होते. ते सावलीच्या बाजूला जास्त उतरते, ती बाजू जास्त वाढते, आणि झाड उजेडाकडे झुकते. आमच्या टोकाच्या कुंड्या तेच करीत होत्या. त्यांची भूक त्यांच्या वाकण्यात दिसत होती.

मी कुंड्यांची अदलाबदल सुरू केली. आज टोकाची मध्ये, उद्या मधली टोकाला. चार दिवसांत कंबर धरली. आई खुर्चीवर बसून माझा हा खटाटोप पाहत होती. म्हणाली, "अरे, झाडं कशाला हलवतोस? ऊन कधी एका जागी बसलंय का? तुझा दिवाच मेला खुंटीला बांधल्यासारखा. वाढप्यानं पंगतीच्या मध्ये उभं राहून वाढलं, तर टोकाच्या पानावर काय पडायचं?"

वाचकहो, या सदरासाठी मी पुष्कळ पुस्तके चाळतो. पण बागेत दिवा फिरता का ठेवतात याचे याहून चांगले उत्तर मला कुठल्याही पुस्तकात सापडलेले नाही.

दिवा फिरवणारी तयार यंत्रे परदेशांतल्या काचघरांतून आणि बंदिस्त बागांतून पुष्कळ वर्षे वापरात आहेत. छताला एक रूळ, त्यावर मोटरची गाडी, गाडीला दिवा. गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि परत येते. मी तसेच घरच्या घरी करायचे ठरवले. लेकीचा मुलगा तेव्हा आठवीत होता. त्याच्या शाळेच्या प्रयोगातली बारा व्होल्टची गिअरची मोटर त्याने मोठ्या मनाने मला दिली, "आजोबा, जाळू नका हं," एवढ्या अटीवर.

कोणाला करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रूळ म्हणून सरकत्या दाराचा सहा फुटी ॲल्युमिनियमचा ट्रॅक घेतला, आणि गाडी म्हणून त्याच दाराची चाके. रूळ स्लॅबला तीन जागी अँकर बोल्टने पक्का केला. इथे भोकात लाकडाची गिट्टी ठोकून भागणार नाही. हलते वजन रोज थोडे थोडे ओढत राहते आणि गिट्टी सैल होते. शिवाय गाडीपासून दिव्यापर्यंत एक जादा साखळी घातली. आकडा निसटलाच, तर दिवा झाडांवर किंवा माणसाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. रुळाच्या दोन्ही टोकांना कप्पी, त्यावरून दोरीचा फेरा, आणि फेऱ्याला गाडी बांधलेली. गाडी टोकाला पोचली की तिथला स्विच दाबला जातो, रिले मोटरची दिशा उलटी करतो आणि गाडी परत निघते. प्रवास चार फुटांचा, वेग मिनिटाला दोन फूट.

वायरीची काळजी सर्वांत जास्त घ्यायची. वायर रोज शेकडो वेळा वाकणार, म्हणजे केव्हातरी तुटणारच. म्हणून वीज उतरवणारा ड्रायव्हर भिंतीवर कायम बसवला. म्हणजे घराच्या मुख्य विजेची वायर हलत नाही, हलते ती दिव्याकडे जाणारी ड्रायव्हरच्या पुढची नरम वायर. ती पडद्याच्या कड्यांतून सैल झोळ देऊन ओवली. दिव्याचे वजनही त्यामुळे घटले. आमच्या ओळखीचे वायरमन आले, त्यांनी अर्थिंग तपासले आणि मला दटावले, "साहेब, पाणी आणि वीज एका बाकावर आहेत. तीस मिलिअँपिअरची ट्रिप बसवल्याशिवाय चालू करायचं नाही." बसवली. तुम्हीही बसवा, तिथे काटकसर नको.

पहिल्याच दिवशी दिसले, की मधल्या कुंडीवरून दिवा जाताना आणि येताना दोन्ही वेळा जातो, टोकाची कुंडी मात्र त्याच्या वळणाच्या कडेला राहते. नातवाने टोकांना वीस-वीस सेकंद थांबण्याची युक्ती केली. वाढपीही शेवटच्या पानाशी क्षणभर थांबतोच की. आता एक फेरी पुरी व्हायला सुमारे पावणेपाच मिनिटे लागतात. फेरीभराचे माप घेऊन सरासरी काढली, तेव्हा मध्य आणि टोक यांतला फरक पंचवीस पटींवरून दीड पटीवर आला होता. दिवा एका जागी रेंगाळत नसल्याने तो चार बोटे खालीही आणता आला, आणि पाने पांढरी पडायची थांबली. तो दोन्ही बाजूंनी येत असल्यामुळे वरच्या पानांच्या सावलीतली खालची पानेही उजेडात आली. तीन आठवड्यांत वाकलेल्या कुंड्या सरळ झाल्या.

इथे एक खुलासा केला पाहिजे. दिवा फिरता केला म्हणजे एका दिव्यात दोन दिव्यांचे काम होते, अशा जाहिराती माझ्या वाचनात आल्या आहेत. त्यावर विश्वास ठेवू नका. डाव फिरवल्याने पातेल्यातली आमटी वाढत नाही. दिव्यातून दिवसभरात जेवढा प्रकाश बाहेर पडतो, तेवढाच पडतो. फिरवल्याने तो फक्त सारखा वाटला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाला मिळणारा दिवसाचा प्रकाश दर चौरस मीटरला 'मोल' या मापात मोजतात. उघड्या अंगणात स्वच्छ दिवशी तो चाळीसच्या आसपास पडतो. माझ्या हिशेबाने या बाकावर सोळा तासांत सरासरी साडेअकरा पडतो. म्हणजे अंगणाच्या पावपट. एवढ्यात फुलझाड निभते, माजत नाही. ज्या घरात एकाच पगारात सहा ताटे वाढली गेली आहेत, त्या घराला यात नवे काही वाटायचे नाही. मिळकत वाढवणे आपल्या हाती नसते. टोकाच्या पानापर्यंत पोचवणे मात्र असते.

२०२४ च्या पावसाळ्यात शेवंती अशी फोफावली की पाहत राहावे. हिरवीगार, जाडजूड दांड्यांची. मी खूश होऊन दिवा पहाटे सहापासून रात्री अकरापर्यंत ठेवू लागलो. जितका उजेड जास्त तितकी फुले जास्त, असा माझा समज. दसरा गेला. कळी नाही. दिवाळी आली. कळी नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी मंडईतून पावशेर शेवंती आणून देव्हाऱ्यापाशी ठेवली. आई काही बोलली नाही. पुडी सोडून तिने एकेक फूल वाहिले आणि हात जोडले. इतक्या वर्षांचा नेम तुटला होता, आणि तो मी, एवढा खर्च आणि एवढा खटाटोप करून, स्वतःच्या हाताने तोडला होता.

नोव्हेंबरमध्ये आई पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून दवाखान्यातून तिला बहिणीकडे नेले आणि आम्ही दोघेही तिथेच राहायला गेलो. घर बंद. बिल वाढू नये म्हणून दिव्याचे घड्याळ सकाळी सात ते संध्याकाळी सहा एवढेच लावून ठेवले. शेजारच्या वहिनी दिवसाआड दुपारी येऊन पाणी घालीत. झाडांचा विचार करायला त्या दिवसांत कोणाला फुरसत नव्हती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी इमारतीतल्या दोन मुलांनी आईला खुर्चीसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर आणले. दार उघडले, आणि समोर बाकावर शेवंती फुललेली! पाचही कुंड्या पिवळ्याधमक. सौ. तर दारातच थबकली. आई खुर्चीवरूनच म्हणाली, "ह्यांना दिवाळी कळली, पण उशिरा. कोणी सांगितलीन?"

कोणी सांगितली, ते मी त्या रात्री पुस्तके काढून शोधले. अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघांना तंबाखूची एक जात चकवीत होती. उन्हाळ्यात ती वाढतच जाई, फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र लहानपणीच फुले. त्यांनी ऐन उन्हाळ्यात ती झाडे दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली, आणि ती फुलली. हा शोध त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केला. झाडे दिवसाची लांबी ओळखतात! पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले की काही झाडे खरे म्हणजे दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. त्यांच्या प्रयोगातल्या रानझुडपाला लांब रात्रीच्या मध्यावर मिनिटभर उजेड दाखवला, तर सगळी रात्र फुकट जाई. शेवंती याच गोत्रातली. सलग, लांब, अंधारी रात्र मिळाल्याखेरीज ती कळी धरत नाही. मी तिला सतरा तासांचा दिवस दाखवीत होतो. तिच्या दृष्टीने आमच्या घरात कायमचा उन्हाळा होता. फुलायची वेळ झाली हे तिला आम्ही घर बंद करून अंधार केला तेव्हा समजले.

२०२५ साली मी हिशेब मांडला. लांब रात्री सुरू झाल्यापासून फुले उमलायला आठ ते दहा आठवडे लागतात. त्या साली दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे १५ ऑगस्टपासून रात्र मोठी करायची. तोवर सोळा तास दिवा, जुलैअखेर शेंडे खुडून फांद्या वाढवायच्या. आणि पंधरा तारखेपासून सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सहा एवढाच दिवा.

अडचण निराळीच निघाली. दिवा सहाला बंद होईल, पण आमची मधली खोली बंद होते साडेदहाला. ट्यूबलाइट, टी.व्ही., येणारेजाणारे. आईनेच तोड काढली. "पोपटाच्या पिंजऱ्यावर रात्री फडकं टाकायचे तसं टाका की! तुळशीवर मात्र नको हो, तिला काय उपास?" सौ.ने काळ्या कापडाचा दुहेरी अभ्रा शिवला आणि मी त्याला बांबूचा सांगाडा केला. संध्याकाळी सहाला फडके टाकायचे, सकाळी साडेसहाला काढायचे. या कामाची मुखत्यारी आईने स्वतःकडे घेतली. चालता येत नव्हते, पण वॉकर धरून बाकापर्यंतची सहा पावले ती टाके, आणि फडक्याचे एक टोक तिच्या हातात दिल्याशिवाय आम्हाला ते पसरण्याची परवानगी नसे. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम टाळण्यात ती मोठी पटाईत होती. सहा वाजताची ही सहा पावले मात्र तिने एक दिवस चुकवली नाहीत.

गणपतीत फजिती झाली. संध्याकाळी दर्शनाला येणारा प्रत्येक जण आधी त्या काळ्या फडक्याकडे जाई. आत आरास आहे असा सर्वांचा समज! एका पाहुण्यांनी तर मोबाइलचा दिवा लावून फडके वर उचललेच. "अहो, खाली टाका ते!" असे आई इतक्या जोरात ओरडली की गृहस्थ प्रसाद न घेताच निघाले होते. मागाहून त्यांना सगळे समजावून सांगून दोन मोदक जास्त वाढले.

नवरात्रात कळ्या दिसल्या. आधी ज्वारीच्या दाण्याएवढ्या, मग वाटाण्याएवढ्या. खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे हत्यारे मांडली: हातोडी, पक्कड, पाने. आईने बोलावून विचारले, "आणि ती गाडी?" मी म्हटले, "अगं, ती छताला आहे." "मग बोट पोचतंय तिथं तरी लाव." दिवा बंद करून खाली घेतला आणि तिने त्याच्या पट्टीवर हळदकुंकू वाहिले. ते बोट अजून पुसलेले नाही.

आता दिवाळीचे. पाचही कुंड्या लक्ष्मीपूजनाला भरून फुलल्या असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. पण तसे झाले नाही. अंगणाच्या पावपट उजेडाचाही आता भाग कमी केलेला, त्यामुळे बहुतेक कळ्या आठवडाभर मागे राहिल्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पुरी उमललेली फुले निघाली अकरा. त्यांतली सात आतल्या टोकाच्या कुंडीतली, जी पूर्वी सर्वांत जास्त वाकली होती तिची. आईची नजर आता अधू झाली आहे. तिने ताटलीतली फुले बोटांनी चाचपून मोजली आणि म्हणाली, "अकरा पुष्कळ झाली." मग त्यातले एक बाजूला काढून सौ.च्या हातात दिले, "हे तुला. अभ्रा तू शिवलास." मला काही मिळाले नाही, माझी दखल खंडेनवमीला घेतली गेली होती.

खर्चाचेही सांगितले पाहिजे, कारण तुम्ही विचारणारच. १०० वॉटचा दिवा साडेअकरा तास चालला तर दिवसाला सव्वा युनिटाच्या आत वीज लागते, महिन्याला पस्तीस युनिट. सोळा तास ठेवला तर अठ्ठेचाळीस. फिरवणाऱ्या मोटरची वीज त्यात हिशेबात धरण्याजोगी नाही. ज्यांच्या गॅलरीत ऊन येते त्यांनी या भानगडीत पडू नये. उन्हाला बिल येत नाही. ज्यांचे ऊन गेले आहे त्यांनी जरूर करून पाहावे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: उजेड टोकापर्यंत पोचला पाहिजे, आणि रात्र ही रात्रच राहिली पाहिजे. पहिली मला आईने शिकवली, दुसरी शेवंतीने. आणि दोन्ही शिकायला मला एक दिवाळी घालवावी लागली.

टोकाला गाडी वळते तेव्हा रिलेचा 'कट' असा बारीक आवाज होतो. मला तो कधीचाच ऐकू येईनासा झाला आहे. आई मात्र तो ऐकते. एका फेरीत तिची जपाची एक माळ होते, असे तिने बसवले आहे. "किती वाजले रे?" हा प्रश्न घरातून केव्हा नाहीसा झाला, ते आमच्या लक्षातही आले नाही. संध्याकाळी सहाला दिवा विझतो, गाडी असेल तिथे थांबते, आणि वॉकरची खटखट सुरू होते.

"मावळला रे," आई आतून सांगते. "चला, फडकं धरा."